एक लिटरची झेन: आधी टर्बो, मग इंजिनबदल

पार्श्वभूमी

गाडी २००३ ची मारुती झेन. इंजिन जी१०बी मालिकेतलं: चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, ९९३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६१ मिलिमीटर. कंपनीच्या आकड्यानुसार ६० बीएचपी. मालक पुणे जिल्ह्यातला, वापर फक्त खासगी ट्रॅकवरच्या सरावासाठी. नोंदणीची मुदत संपत आली होती आणि ती वाढवायची नाही, गाडी ट्रेलरवरून न्यायची-आणायची, असं आधीच ठरलं होतं. हे ठरल्यामुळे एक मोठा प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न कायद्याचा. टर्बो म्हणजे इंजिनच्याच धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबणारा पंप. 'इंजिन बदललं तर आरसीवरचा नंबर बदलतो, टर्बोत नंबर तोच राहतो, म्हणून टर्बो कायद्यात बसतो' असं अनेक जण धरून चालतात. ते बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी दोन्ही वाटा सारख्याच अडचणीच्या. शिवाय विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. या प्रकरणातलं पुढचं सगळं रस्त्यावर न येणाऱ्या गाडीचं आहे.

अडचण

डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चाकांपाशी ४७ बीएचपी आले. वीस वर्षं जुनी गाडी आणि पुण्याची उंची, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा पाचेक टक्के कमी हवा, हे धरलं तर आकडा वाईट नाही. मालकाला चाकांवर ६० च्या पुढे जायचं होतं. अट दुहेरी होती: खर्च सव्वा लाखाच्या आसपास, आणि गाडी सलग २० मिनिटं पूर्ण जोरात चालली पाहिजे. दुसरी अट पहिल्या बैठकीत बोलली गेली, पण कागदावर आली नाही. पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं. चार सिलिंडरचे आकडे १६५, १६८, १५० आणि १६६ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर १६३. ऑइल टाकल्यावर आकडा चढला याचा अर्थ गळती रिंगांमधून आहे, व्हॉल्व्हमधून नाही. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर त्या इंजिनावर दाब वाढवायचा नाही, हा गॅरेजमधला साधा नियम. आकडा वहीत लिहिला गेला. काम मात्र थांबलं नाही.

पहिल्यांदा तोललेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे आहे त्या इंजिनावर कमी दाबाचा टर्बो, ०.४ बार. दुसरा, एस्टीममधलं जी१३बीबी: १२९८ सीसी, ७४ बाय ७५.५, कंपनीचे ८५ बीएचपी. तिसरा, बलेनो आरएसमधलं १.० बूस्टरजेट. तो दहा मिनिटांत बाजूला पडला. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी यंत्रणा, तिचा उच्च दाबाचा पंप, तिचा ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) हे सगळं जुन्या झेनमध्ये जागेवर आणायचं म्हणजे गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च.

उरलेल्या दोघांच्या अंदाजपत्रकात फारसा फरक नव्हता. टर्बोचा हिशेब असा: जुना टर्बो ६,०००, आर्गॉन वेल्डिंगने बनवलेला स्टीलचा मॅनिफोल्ड १४,०००, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) ७,०००, पाइप आणि सिलिकॉन होज ६,०००, इंजेक्टर ८,०००, पेट्रोल पंप ३,५००, स्पीडुइनो ईसीयू आणि वायरिंग २८,०००, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा) १६,०००, ऑइलच्या लाइनी ४,५००, क्लच ९,०००, डायनोवरचं ट्यूनिंग २०,०००. बेरीज १,२२,०००. इंजिनबदलाची बेरीज १,३४,५०० आली, तीही जुन्या इंजिनाचं रिंग-बेअरिंगचं काम धरून.

इथेच तुलना चुकली. इंजिनबदलाच्या हिशेबात इंजिन उघडून नीट करण्याचे २६,००० होते, टर्बोच्या हिशेबात एक रुपयाही नव्हता. ज्या इंजिनावर जास्त भार टाकायचा, तेच न उघडता वापरायचं ठरलं. समान पायावर मांडलं असतं तर टर्बो स्वस्त उरला नसता. वरवरच्या १२,५०० रुपयांच्या फरकाने निर्णय टर्बोच्या बाजूने गेला.

टर्बो कसा बसवला

भंगारात १.३ मल्टिजेट डिझेलचा केपी३५ टर्बो मुबलक मिळतो. स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा किती गाड्या तुटल्या त्याला गणती नाही. आकारही एक लिटरच्या पेट्रोलला बरा बसतो. १२४८ सीसीचं डिझेल कमी आरपीएमवर जास्त दाबाने जेवढी हवा ओढतं, जवळपास तेवढीच हवा ९९३ सीसीचं पेट्रोल ६,५०० आरपीएमवर कमी दाबाने ओढतं. हवा दाबणारी कॉम्प्रेसरची बाजू त्यामुळे जुळते. घोळ धुरावर फिरणाऱ्या टर्बाइनच्या बाजूला असतो, आणि तो तीन ठिकाणी.

डिझेलचा धूर पूर्ण भाराखाली साधारण ७५०–८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा ९०० च्या पुढे. डिझेल टर्बोचं ओतीव घर त्या तापासाठी नसतं. दुसरं, वेस्टगेट म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार. डिझेलचा वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटर एक बारच्या आसपास उघडणारा. तो तसाच ठेवला तर ०.४ बार कधीच मिळणार नाही, म्हणून मऊ स्प्रिंगचा अ‍ॅक्च्युएटर लावला. तिसरं, वेस्टगेटचं भोक लहान. वरच्या आरपीएमला पेट्रोलचा तापलेला, फुगलेला धूर त्या भोकातून पुरेसा बाहेर पडत नाही आणि दाब आपोआप चढत जातो.

इंटरकूलर का लागतो याचं गणित सोपं आहे. बाहेरची हवा ३५ अंश, पुण्यातला हवेचा दाब ०.९५ बार, वर ०.४ बार. दाबाचं गुणोत्तर १.४२. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर हवा सुमारे ८५ अंशांवर बाहेर पडते. तीच इंजिनात गेली तर घनता फक्त २२ टक्के वाढते. इंटरकूलरने ५० अंशांपर्यंत उतरवली तर ३५ टक्के. या १३ टक्क्यांपेक्षाही नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोलने आपोआप अवेळी पेट घेण्याचा, धोका कमी होतो हे महत्त्वाचं.

इनटेकमधला दाब मोजणारा कारखान्याचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे वाचत नसल्याने बूस्ट, म्हणजे टर्बोचा जास्तीचा दाब, सुरू झाला की मूळ ईसीयू आंधळा होतो. म्हणून अडीच बारचा सेन्सर आणि स्वतंत्र ईसीयू. प्लग एक पायरी थंड, एनजीकेच्या क्रमांकात ६ वरून ७, आणि गॅप १.१ वरून ०.७ मिलिमीटर, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. बूस्टमध्ये इग्निशन सात अंश मागे. मिश्रणाचं लक्ष्य लॅम्डा ०.८२ (लॅम्डा १ म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर जुळलेलं, त्याखाली पेट्रोल जास्त).

पहिल्याच दिवशी आयडलला निळा धूर आला. टर्बोचे सील गेले असं समजून तो काढायची तयारी झाली होती. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं तर ऑइल परतीचा होज मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटला टेकून अर्धा दाबला गेलेला. टर्बोतून ऑइल दाबाने नाही, फक्त उताराने खाली येतं. होज १४ ते १६ मिलिमीटरचा, जमेल तितका उभा आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला हवा. होजची वाट बदलली, धूर गेला. नव्या टर्बोवर निळा धूर दिसला की निम्म्या वेळा कारण हेच निघतं.

डायनोवर ६२ बीएचपी चाकांवर. सगळे खूश. डायनोवरची प्रत्येक खेच, म्हणजे पूर्ण जोरात चालवून घेतलेली चाचणी, १२–१५ सेकंदांची होती, समोर मोठा पंखा होता आणि दोन खेचांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती होती, याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तिसरी फेरी

ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्या उत्तम गेल्या. तिसरीत, चौथ्या गिअरमध्ये ५,८०० आरपीएमला ताकद एकदम पडली. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, डिपस्टिक वर उचकटलेली, बोनेटच्या आतून ऑइलचे शिंतोडे.

लॉगमध्ये, म्हणजे ईसीयूने ठेवलेल्या नोंदीत, चार गोष्टी दिसल्या. इनटेकच्या हवेचं तापमान पहिल्या फेरीला ५२ अंश होतं, तिसरीला ७१. इंटरकूलर बंपरमागे होता पण त्याच्याकडे हवा वळवणारा पत्रा नव्हता, हवा त्याला वळसा घालून जात होती. बूस्ट ०.४ ऐवजी ०.५५ वर चढलेला. लॅम्डा ०.८२ ऐवजी ०.९१. आणि बॅटरीचा व्होल्टेज ११.९.

लॅम्डाचं कोडं सुटायला वेळ लागला. ट्यूनिंग झालं तेव्हा टाकीत ई१० (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) होतं, ट्रॅकच्या दिवशी वाटेतल्या पंपावर ई२० भरलं गेलं. तेवढ्याच हवेत जळायला पेट्रोलपेक्षा इथेनॉल जास्त लागतं. ई१० साठी हवा-इंधनाचं आदर्श गुणोत्तर १४.१ च्या आसपास, ई२० साठी १३.५. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहिला तर मिश्रण चार टक्क्यांनी पातळ, म्हणजे ०.८२ चं ०.८५. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि तो हवा थंडही करतो, त्यामुळे एवढ्याने इंजिन गेलं नसतं. पुढची घसरण पंपामुळे. बूस्टमध्ये पंपाला ३.४ बारवर पेट्रोल ढकलायचं होतं. बेंचवर ११.९ व्होल्टला तपासला तेव्हा प्रवाह पुरत नव्हता. इंजेक्टरवरचा दाब बाराएक टक्के पडला की प्रवाह सहा टक्के पडतो, आणि ०.८५ चं ०.९१ होतं. पंपाची वायर मूळचीच बारीक होती, स्वतंत्र रिले टाकला नव्हता. दोनशे-अडीचशे रुपयांचं काम.

इंजिन उघडल्यावर

तिसऱ्या पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला कठडा तुटलेला. पिस्टनच्या माथ्यावर एक्झॉस्टच्या बाजूला वाळूने घासल्यासारखी खरबरीत कड. प्लगच्या पोर्सेलिनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके. या तीन खुणा एकत्र म्हणजे नॉकिंग, दुसरं काही नाही. बाकीचे तीन पिस्टन शाबूत. टर्बाइनच्या घरात वेस्टगेटच्या बैठकीपासून निघालेली दोन सेंटिमीटरची चीर.

ट्यूनिंगनंतर याच प्लगचा फोटो काढलेला होता. मोठा करून पाहिला तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर तेव्हाच दोन ठिपके होते. चारही प्लग शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिले असते तर ट्रॅकवर जायच्या आधीच कळलं असतं.

पुन्हा पर्याय

आता तीन वाटा होत्या. तेच इंजिन मूळ प्रकारचाच नवा पिस्टन टाकून ०.२५ बारवर चालवायचं. यात ताकद चाकांवर ५५ च्या आसपास अडकणार. फोर्ज्ड पिस्टन करून घ्यायचे, तर या इंजिनासाठी तयार मिळत नाहीत, ऑर्डर देऊन चारांचा संच, बोअर आणि बॅलन्सिंग मिळून खर्च एकट्या इंजिनावर लाखाकडे. किंवा आधी नाकारलेलं जी१३बीबी.

या वेळी २० मिनिटांची अट फळ्यावर सगळ्यात वर लिहिली. ती लिहिली की उत्तर जवळजवळ समोरच होतं. टर्बोचं इंजिन ती अट पाळू शकत नाही असं नाही. कारखान्यातून टर्बोसह येणारी इंजिनं पाळतात. पण त्यांच्या पिस्टनखाली ऑइलचे फवारे असतात, टर्बोचं घर पेट्रोलच्या तापाचं आणि पाण्याने थंड केलेलं असतं, रेडिएटर त्या हिशेबाचा असतो. हे सगळं नंतर जोडायचं तर हिशेब पुन्हा मोठा होतो. मोठ्या इंजिनाला तीच ताकद कारखान्याच्या मूळ तापमानातच मिळते.

इंजिनबदल

एस्टीमचं इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) आणि ईसीयू एकाच तुटलेल्या गाडीतून घेतले. असं एकत्र घेणं जरा महाग पडतं, पण वायरिंगमधले दहा दिवस वाचतात. इमोबिलायझरचा ईसीयू असेल तर किल्ली आणि रिसीव्हरसकट घ्यायचा, नाहीतर गाडी चालूच होत नाही. भंगारवाला किल्ली नाही म्हणाला तर दुसरा ईसीयू बघायचा. बोलण्यात वेळ घालवू नये.

इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडरच्या आकड्यांतला फरक सहा पीएसआयच्या आत. तरीही रिंग, बेअरिंग, हेड पॅकिंग, दोन्ही टोकांचे ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलले. इंजिन बाहेर असताना मागचा सील बदलायला अर्धा तास, बसवल्यावर तोच सील गळला तर पूर्ण दिवस.

जी मालिकेतली भावंडं असल्यामुळे बसणी अवघड नव्हती, पण 'सरळ बसतं' हेही खरं नव्हतं. इंजिन धरून ठेवणारी फाउंडेशन आधी फक्त टाक्याने जोडली. गाडी चाकांवर उतरवून, ड्रायव्हरच्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवून दोन्ही एक्सलचे कोन पाहिले, मगच पक्कं वेल्डिंग केलं. जॅकवर असताना एक्सल मोजले तर चाकं लटकलेली असतात आणि माप चुकतं. डाव्या बाजूचा एक्सल आतल्या जॉइंटमध्ये पूर्ण दबत होता, तो टर्नरकडून कमी करून घेतला. आतल्या जॉइंटला दोन्ही दिशांना दहाएक मिलिमीटर मोकळीक ठेवली. स्ट्रोक जास्त म्हणून इंजिन उंच, बोनेटपर्यंतची फट नऊ मिलिमीटर उरली. वळणात इंजिन हललं की बोनेटला टेकेल, म्हणून मागच्या फाउंडेशनला कडक रबर.

रेडिएटर मोठा घेतला, तरी पहिल्या चाचणीत थांबल्यावर तापमान १०४ वर गेलं. कारण रेडिएटर नव्हतं. हार्नेस बदलताना इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी एकच जोडली होती, पंखा अर्ध्या जोमाने फिरत होता. दुसरी पट्टी जोडली, ९४ वर थांबलं. इंजिनबदलात विजेच्या अर्ध्या तक्रारी अर्थच्या निघतात.

पुढचे ब्रेक एस्टीमचे टाकले, पुढच्या चाकांवरचं वजन १४ किलोने वाढलं म्हणून स्प्रिंगही बदलले. हे १२,००० सुरुवातीलाच हिशेबात होते. टर्बोच्या हिशेबात मात्र ब्रेक नव्हतेच. ताकद तेवढीच वाढणार होती, तरी.

निकाल

चाकांवर ६६ बीएचपी, म्हणजे टर्बोपेक्षा फक्त चार जास्त. कागदावर फरक नाही म्हणावा इतका. ट्रॅकवर मात्र पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही, आणि २० मिनिटांनंतर पाणी ९६ अंशांवर. खालच्या आरपीएमला टर्बोसारखं थांबावं लागत नाही. उलट, टर्बो ३,५०० ला पकडायचा तेव्हाची ती ओढ या इंजिनात नाही, आणि मालकाला तिची रुखरुख आहे.

एकूण खर्च: टर्बोवर १,२२,०००, इंजिनबदलावर अंदाजाच्या १,३४,५०० ऐवजी १,४८,०००. जास्तीचे १३,५०० एक्सल आणि वायरिंगमध्ये गेले. वाइडबँड सेन्सर आणि इंटरकूलर विकून २१,००० परत आले. सगळं मिळून २,४९,०००, म्हणजे ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट.

कुठे वेगळं करता आलं असतं

१५० पीएसआयचा आकडा दिसला तिथे थांबायला हवं होतं. लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं, अर्ध्या तासाची. ती केली असती तर दोनच रस्ते उरले असते: आधी इंजिन उघडा, नाहीतर दुसरं घ्या.

टर्बोच करायचा असता तर पेट्रोल गाडीचा, पाण्याने थंड होणारा टर्बो, मोठ्या भोकाचा वेस्टगेट, इंटरकूलरपुढे हवा वळवणारा पत्रा, पंपाला बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले. आणि ईसीयूत सुरक्षेच्या मर्यादा. इनटेकची हवा ६० अंशांच्या पुढे गेली, लॅम्डा ०.८६ च्या वर गेला किंवा बूस्ट ०.४८ ओलांडला तर इग्निशन कापायचं. ही सोय ईसीयूत होती. भरलेली नव्हती. ट्यूनिंगनंतर इंधन बदललं की एक खेच फक्त लॉग बघण्यासाठी काढायची, हेही त्यातलंच.

डायनोवर एकदा तरी सलग दोन मिनिटं भाराखाली चालवून बघायला हवं होतं, पंखा बंद ठेवून नव्हे, पण ट्रॅकवर जेवढी हवा मिळते तेवढ्याच हवेत.

इंजिनबदलातही एक गोष्ट राहून गेली. एस्टीमचा गिअरबॉक्स न उघडता बसवला. इंजिनावर २६,००० खर्च केले आणि दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोवरचे (गिअर अलगद जुळवणाऱ्या भागावरचे) चार हजार वाचवले. आता तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना करकर येते, आणि गिअरबॉक्स काढायचा म्हणजे दोन्ही एक्सल, मागचं फाउंडेशन आणि क्लच पुन्हा उतरवणं. जुनं एक लिटरचं इंजिन, तिसरा पिस्टन वगळता, गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे.